डॉ. जूडा फोकमन

साखर म्हटली की आम्हां ग्वाल्हेरकरांस संक्रांतीची गजक आठवते. परंतु शर्करेच्या कणांची लांब साखळी होऊन बनलेले असेही पदार्थ आहेत की, जे गोड नसतात, पण देहाच्या व्यापारात मोठे काम करितात. रक्त गोठू न देणारे हेपारिन हे त्यांपैकीच एक होय. अशा पदार्थांच्या साहाय्याने रोगट रक्तवाहिन्यांची वाढ थोपविण्यासाठी झटलेल्या एका शल्यविशारदाचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जूडा फोकमन यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९३३ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी झाला. वडील ज्यू धर्मगुरू होते. रुग्णांच्या भेटीस जाताना ते मुलास बरोबर नेत. तेथेच त्याच्या मनात वैद्यकीची ओढ उत्पन्न झाली. १९५७ साली हार्वर्ड विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. पुढे नौदलाच्या सेवेत असता त्यांनी देहाबाहेर जिवंत ठेविलेल्या ग्रंथींत कर्करोगाच्या पेशी सोडल्या. गाठी इवल्याशा होऊन थांबल्या. त्याच गाठी उंदराच्या अंगी बसविताच फोफावल्या. बाहेरील ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या, हाच तो भेद! गाठीची ही रसद तोडली तर तिची वाढ खुंटेल, असे अनुमान त्यांनी काढिले.

१९६७ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते बॉस्टनच्या बालरुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक झाले. १९७१ साली त्यांनी आपले मत प्रसिद्ध केले, तेव्हा अनेक तज्ज्ञांनी ते हसण्यावारी नेले. फोकमन डगमगले नाहीत. १९८१ साली त्यांनी ते मानाचे पद सोडिले व संशोधनास वाहून घेतले.

१९८३ साली हेपारिन व कॉर्टिसोन एकत्र दिल्यास नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखली जाते, असे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले. पुढील वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्या वाढविणारे एक प्रथिन वेगळे केले. ते हेपारिनला घट्ट चिकटते, याच गुणाचा त्यांना उपयोग झाला. शर्करेच्या या मिश्रणाचे कर्करोगावरील रूढ औषध झाले नाही. परंतु वाट मोकळी झाली. २००४ साली रक्तवाहिन्यांची वाढ रोखून कर्करोगास आवर घालणारे एक प्रथिनरूप औषध अमेरिकेत मान्य झाले. ते रोग समूळ घालवीत नाही. तथापि अनेकांचे आयुष्य वाढविते. मधुमेहात डोळ्यांच्या पडद्यावर नको त्या रक्तवाहिन्या फुटून दृष्टी जाऊ लागते, तेव्हाही याच तत्त्वावरील औषधे उपयोगी पडतात. आपल्या घराघरांत मधुमेह शिरला असता या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको.

१४ जानेवारी २००८ रोजी एका परिषदेस जात असता डेन्व्हरच्या विमानतळावर फोकमन यांचे आकस्मिक निधन झाले. आज शाळेत शिकणारी बहुतेक मुले तेव्हा जन्मलीही नव्हती. उपहास झाला तरी त्यांनी रागाने उत्तर दिले नाही. प्रत्येक शंकेवर नवा प्रयोग मांडिला. विद्यार्थ्यांनी या चरित्रातून घ्यावयाचे ते हेच, असे आम्हांस वाटते.