चिमूरचे बूट आणि भन्साळी

निःशस्त्र रयतेच्या दारात लष्करी बूट वाजतात, तेव्हा सत्तेला जाब विचारणारा कोणी उरलेला नाही, हेच ते सांगत असतात. तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूरने हे १९४२ मध्ये अनुभवले. १६ ऑगस्टला मिरवणुकीवर गोळीबार झाला. प्रक्षुब्ध जमावाने चार सरकारी नोकरांचे प्राण घेतले. या हत्यांचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु पाठोपाठ आलेल्या गोऱ्या पलटणीने सूड उगवला तो घराघरांतील स्त्रियांवर. त्यांच्या तक्रारींची चौकशी सरकारने नाकारली.

सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी हे पूर्ण विरक्त पुरुष. मौन मोडू नये म्हणून त्यांनी एके काळी तांब्याच्या तारेने स्वतःचे ओठ शिवून घेतले होते. चिमूरवर लादलेले मौन मात्र त्यांना सोसवले नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य लोकनायक अणे यांच्याकडे दिल्लीस जाऊन त्यांनी चौकशीची मागणी केली. ती व्यर्थ ठरताच त्यांनी अन्न वर्ज्य केले. चिमुरातून अटक करून परत आणले, तरी ते पुन्हा पायी तिकडेच निघाले.

उपोषणाच्या बातम्यांवर बंदी आली. निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी अनेक वृत्तपत्रांनी हरताळ पाळला. १२ जानेवारीला, ६३व्या दिवशी, उपोषण सुटले. स्वतंत्र चौकशी झाली नाही. चिमूरविषयी लिहिण्यावरील बंदी तेवढी उठली.

भन्साळी १९८२ मध्ये निवर्तले. बुटांचे बळ बंदुकीइतकेच लोकांच्या मुकेपणावर पोसते, हे त्यांनी ओळखले होते. लिहिणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी ते विसरता कामा नये.