नारळाच्या बागेतून हार्वर्डला पोहोचलेला माणूस, ज्याने ध्यानाचा ग्रंथ देवनागरीत छापून आणला

हिंगोली जिल्ह्यात वर्षावास सुरू झाला की गावोगावच्या विहारांमध्ये संध्याकाळी ग्रंथवाचन सुरू होतं. वसमत असो, कळमनुरी असो, सेनगाव असो की औंढा नागनाथ, आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत हा क्रम चालतो. वाचन संपलं की एखादा तरुण मोबाईल काढतो, आनापानाची ऑडिओ लावतो आणि सगळे डोळे मिटून बसतात. पाली सुत्त हवं असेल तर तेही देवनागरीत, फुकट, दोन मिनिटांत स्क्रीनवर येतं.

आज हे इतकं सोपं झालंय की त्यात विशेष काही वाटत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी वाचणाऱ्या तरुणाला हेच शिकायचं होतं, तेव्हा त्याला घर सोडावं लागलं. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेश पालथे घालावे लागले आणि शेवटी अमेरिका गाठावी लागली.

त्याचं नाव धर्मानंद दामोदर कोसंबी.

आज अनेकांना कोसंबी म्हटलं की इतिहासकार आणि गणिती डी. डी. कोसंबी आठवतात. धर्मानंद हे त्यांचे वडील. मराठीत बुद्ध आणि बौद्ध ध्यान मूळ पालीवरून आणणाऱ्या पहिल्या लोकांपैकी ते एक.

एका लेखाने आयुष्य फिरलं

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा. गाव गोव्यातलं सांखवाळ. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. घरची नारळाची बाग होती आणि परिस्थिती बेताची. शिक्षण जेमतेम झालं, पंधराव्या वर्षाच्या आसपास बाळाबाईंशी लग्न झालं आणि बागेची जबाबदारी अंगावर पडली.

वाचनाची आवड मात्र सुटली नाही. तुकारामांच्या गाथेने त्यांना वेड लावलं. अशातच १८९७ च्या सुमारास बालबोध या मुलांच्या मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते हलून गेले. या माणसाबद्दल आपल्याला सगळं कळलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं.

पण कळणार कुठून? बुद्धाची मूळ वचनं पाली भाषेत. पालीचे ग्रंथ सिंहली, ब्रह्मी आणि सयामी लिप्यांमध्ये. लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी ते छापत होती, पण रोमन लिपीत. देवनागरी वाचणाऱ्या माणसाला बुद्धाच्या मूळ शब्दांपर्यंत जायला सरळ वाटच नव्हती.

वडील वारले. १८९९ मध्ये पहिली मुलगी माणिक जन्मली आणि त्याच वर्षाच्या शेवटी धर्मानंद घर सोडून निघाले.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. घरी तरुण बायको आणि तान्ही मुलगी होती. बाळाबाईंनी पुढची सहा-सात वर्षं नवऱ्याशिवाय काढली. धर्मानंदांच्या कामाची किंमत कुणी मोजली असेल तर ती सगळ्यात आधी बाळाबाईंनी.

काशीचं अन्नछत्र ते सगाइंगची गुहा

पहिला मुक्काम पुणे. तिथे प्रार्थना समाजात आसरा मिळाला आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची ओळख झाली. पाली शिकायची तर आधी संस्कृत पक्कं हवं, म्हणून ते उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करत काशीला पोहोचले. खिशात पैसे नव्हते. अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे शिकायचं, असे दिवस त्यांनी काढले.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. तिथे बौद्ध धर्म जिवंत असेल अशी आशा होती. प्रत्यक्षात जे दिसलं त्याने निराशा झाली. तिथून बोधगया आणि मग कलकत्ता. महाबोधी सोसायटीच्या लोकांनी सांगितलं की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला जा.

त्याच वर्षी ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तिथले प्रमुख सुमंगल महास्थविर हे त्या काळातले फार मोठे पंडित. धर्मानंदांनी श्रामणेर दीक्षा घेतली, सिंहली लिपी शिकली आणि ज्या ग्रंथांसाठी घर सोडलं होतं ते पहिल्यांदा मुळातून वाचले.

पण ग्रंथ वाचणं वेगळं आणि ध्यानाला बसणं वेगळं. पोहण्याचं पुस्तक पाठ केलं म्हणून कुणी नदी पार करत नाही. धर्मानंद पुढे ब्रह्मदेशात गेले, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. १९०४ मध्ये सगाइंगच्या डोंगरातल्या गुहांमध्ये ते राहिले. सोबत होते ज्ञानतिलोक नावाचे जर्मन भिक्खू, म्हणजे युरोपातून आलेल्या सुरुवातीच्या भिक्खूंपैकी एक. परिसरातले लोक ज्यांना अर्हत मानत, अशा एका भिक्खूच्या मार्गदर्शनाखाली या दोघांनी समाधी आणि विपश्यनेचा अभ्यास केला.

एक गोव्याचा, एक जर्मनीचा आणि शिकवणारा ब्रह्मदेशाचा. आगबोटी आणि रेल्वे नसत्या तर हे तिघे एका गुहेत कधीच भेटले नसते. नवं तंत्रज्ञान आणि जुनं ध्यान यांची गाठ मोबाईलच्या आधी कितीतरी वर्षं पडलेली होती.

चीवर उतरवलं, कारण शिकवायचं होतं

धर्मानंद भिक्खू म्हणून शांतपणे गुहेत राहू शकले असते. पण आपल्याला जे मिळालं ते आपल्या भाषेतल्या लोकांना मिळायला हवं, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०६ मध्ये त्यांनी चीवर उतरवलं आणि कलकत्त्यात पाली शिकवायला सुरुवात केली. बाळाबाईही तिथे आल्या. १९०७ मध्ये मुलगा दामोदर जन्मला.

याच काळात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात कुठेही राहा, मराठीत पुस्तकं लिहा, दरमहा ५० रुपये मिळतील. कलकत्ता विद्यापीठात याहून जास्त पगार मिळत होता. धर्मानंदांनी ५० रुपये निवडले.

त्यातून पुढे मराठीत बुद्ध, धर्म आणि संघ हे पुस्तक आलं, १९१४ मध्ये बुद्धलीलासारसंग्रह आलं. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पाली विषय रुजला त्यामागे भांडारकरांचा पाठिंबा आणि धर्मानंदांचे कष्ट होते. पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे नामवंत अभ्यासक त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

हार्वर्डचा ग्रंथ आणि श्रेयाचा वाद

आता येतो विसुद्धिमग्ग, म्हणजे विशुद्धिमार्ग.

हा ग्रंथ पाचव्या शतकात श्रीलंकेत आचार्य बुद्धघोषांनी लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा असे त्याचे तीन भाग. यात ध्यानासाठी ४० विषय सांगितलेत, त्यांना कम्मट्ठान म्हणतात. श्वासावर लक्ष ठेवणं हा त्यातला एक, मैत्रीची भावना वाढवणं हा दुसरा.

यातला सगळ्यात व्यवहारी भाग असा की सगळ्यांना एकच ध्यान लावलेलं नाही. रागीट माणसाला मैत्रीभावना, सतत विचारात भरकटणाऱ्याला श्वासाचं ध्यान, असा स्वभाव बघून विषय ठरतो. आणि तो ठरवून देण्यासाठी कल्याणमित्र, म्हणजे नीट जाणणारा आणि भलं चिंतणारा गुरू लागतो, असंही ग्रंथ सांगतो.

अमेरिकेत हार्वर्डमध्ये हेन्री क्लार्क वॉरन यांनी या ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू केलं होतं. १८९९ मध्ये ते वारले आणि काम अर्धवट राहिलं. ते पुरं करायला पाली, ब्रह्मी आणि सिंहली पोथ्या वाचणारा माणूस हवा होता. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स पुण्यात आले, भांडारकरांमार्फत त्यांची धर्मानंदांशी गाठ पडली आणि १९१० मध्ये धर्मानंद अमेरिकेला गेले.

काम जोरात चाललं. मात्र तिथले प्रमुख प्राध्यापक लॅनमन यांच्याशी ग्रंथावर श्रेय कुणाला आणि किती, यावरून बिनसलं. धर्मानंदांनी पडती बाजू घेतली नाही. १९१२ मध्ये काम तसंच ठेवून ते परतले.

पुढे समेट झाला आणि ते आणखी तीन वेळा हार्वर्डला गेले. १९१८ च्या फेरीत त्यांनी माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना सोबत नेलं. दामोदर तिथेच शिकून पुढे डी. डी. कोसंबी झाले.

हार्वर्डची आवृत्ती मात्र छापून यायला १९५० साल उजाडलं. ती बघायला धर्मानंद हयात नव्हते.

पण ते त्या छपाईची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी विसुद्धिमग्ग देवनागरीत तयार केला आणि १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो छापला. त्याच्या कितीतरी आधी, १९२५ मध्ये, त्यांनी याच परंपरेच्या आधारे समाधिमार्ग नावाचं छोटं मराठी पुस्तक लिहिलं होतं. ज्याला पाली येत नाही, ज्याला ब्रह्मदेशात जाणं परवडत नाही, त्या साध्या मराठी माणसाला ध्यान म्हणजे काय हे कळावं, यासाठी ते पुस्तक होतं.

मिठाचा सत्याग्रह आणि परळचा विहार

ध्यान शिकलेला माणूस जगापासून लांब राहतो, असा एक समज आहे. धर्मानंदांचं आयुष्य याच्या उलट आहे. अमेरिकेत त्यांनी समाजवाद अभ्यासला. गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात काम केलं. १९२९ मध्ये ते सोव्हिएत रशियात लेनिनग्राडला जाऊन आले. १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगातही गेले.

१९३७ मध्ये मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभा राहिला. बांधकामाचा खर्च जुगलकिशोर बिर्लांनी केला, कल्पना धर्मानंदांची होती. पंडितांच्या टेबलावरचा बुद्ध गिरणी कामगार आणि दलित वस्तीपर्यंत जावा, हा हेतू नावातच दिसतो. ते स्वतः दोनेक वर्षं तिथे राहिले.

१९४० च्या सुमारास त्यांचं भगवान बुद्ध हे पुस्तक आलं. म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं ही कथा त्यांनी तपासून बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि शस्त्र न उचलण्याची सिद्धार्थाची भूमिका त्यांनी पुढे आणली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही गृहत्यागामागे हाच पाणीतंटा दिसतो. वर्षावासात हिंगोलीपासून नागपूरपर्यंत वाचला जाणारा ग्रंथ तोच.

शेवटही स्वतः ठरवलेला

भगवान बुद्ध पुस्तकातल्या प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराच्या चर्चेवरून जैन समाजातून मोठा विरोध झाला. धर्मानंद आपल्या मतावरून हलले नाहीत. गंमत अशी की याच माणसाला जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माबद्दल अपार आदर होता. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर छापलं गेलं.

वय झालं, आजारांनी शरीर थकलं. आता आपल्याकडून काम होत नाही, तर इतरांवर भार होऊन राहायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी उपवास करून देह ठेवायचा मार्ग धरला. पहिल्यांदा गांधीजींनी थांबवलं. पण मन तयार झालेलं होतं. सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी दिल्लीतल्या प्रार्थनासभेत गांधीजींनी त्यांची आठवण काढली. देश फाळणीच्या बातम्यांमध्ये बुडाला होता. त्या गदारोळात हा माणूस गेल्याचं फारसं कुणाला कळलंही नाही.

मग आजच्या मोबाईलशी याचा संबंध काय?

धर्मानंद गेल्यावर २२ वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्रह्मदेशातूनच सत्यनारायण गोएंका विपश्यना घेऊन मुंबईत आले. १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र सुरू झालं. पुढे त्यांच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं लावून जगभर १० दिवसांची शिबिरं होऊ लागली. इगतपुरीच्याच विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खं पाली तिपिटक देवनागरीत छापलं, मग सीडीवर आणलं, मग इंटरनेटवर ठेवलं.

धर्मानंदांना ज्या अडचणी होत्या, त्यातल्या बहुतेक तंत्रज्ञानाने सोडवल्या. लिपी, प्रवास, पैसा, पुस्तक, यातलं आज काहीच आडवं येत नाही.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उरली आहे. ग्रंथ कोलंबोत मिळूनही धर्मानंदांना गुहेत जाऊन बसावं लागलं होतं. आणि विसुद्धिमग्गातला कल्याणमित्र समोरच्याचा स्वभाव बघून विषय देतो, तर मोबाईलमधला आवाज रागीट माणसाला आणि भित्र्या माणसाला एकच सूचना देतो. रेकॉर्डिंग ऐकून सुरुवात नक्की होते. पण अडलं, घाबरायला झालं, मन उलटं जास्त बिघडलं, तर विचारायला जाणता माणूस लागतो. इगतपुरीच्या शिबिरातही रेकॉर्डिंगसोबत साहाय्यक आचार्य समोर बसलेले असतात, ते याचसाठी.

म्हणून गावातल्या विहारात ऑडिओ लावून एकत्र बसणाऱ्या मंडळींकडे एकट्याने हेडफोन लावून बसणाऱ्यापेक्षा थोडं जास्त आहे. त्यांच्या शेजारी माणूस आहे. आणि कपाटात धर्मानंदांचं एखादं पुस्तक असेल, तर ते काढून वाचायला काहीच हरकत नाही. पाली न येणाऱ्या मराठी वाचकासाठीच ते लिहिलं गेलं होतं.