झाडाची मोटर शोधणारा माणूस : जगदीशचंद्र बोस

मित्रांनो, गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलची मोटर जळाली आणि तीन दिवस आपण बादल्या घेऊन जिने चढलो, आठवतंय ना? तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघून माझ्या मनात आलं, याला रोज पाणी कोण चढवतं? सक्शन पंप पाणी जास्तीत जास्त १० मीटर ओढतो, हे आपण घोकलंय. जंगलातला साल तर ३० मीटरपर्यंत जातो! आचार्य जगदीशचंद्र बोस यांनाही याच प्रश्नाने पछाडलं होतं.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी. अशा घरची मुलं इंग्रजी शाळेत जायची, पण वडिलांनी जगदीशला बंगाली पाठशाळेत घातलं. तिथे कोळ्याच्या आणि नोकराच्या मुलांकडून त्याने प्राण्यांच्या, पाण्यातल्या जीवांच्या गोष्टी ऐकल्या. (आम्ही कॉन्व्हेंटवाले इथे गप्प!)

पुढे कलकत्त्याचं सेंट झेवियर्स, मग केंब्रिज. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात फिजिक्स शिकवू लागले. भारतीय म्हणून पगार इंग्रजांपेक्षा कमी ठरला. बोस यांनी तीन वर्षं मन लावून शिकवलं, पण पगाराला हात लावला नाही. शेवटी सरकार नमलं आणि मागची सगळी रक्कम पूर्ण दराने मिळाली. धड लॅब नसताना १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतीपलीकडची घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली.

नंतर ते वनस्पतींकडे वळले. लंडनच्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, तरी ते मागे हटले नाहीत. झाडाची सूक्ष्म वाढ मोजणारा क्रेस्कोग्राफ बनवला, १९१७ मध्ये कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभी केली. याच काळात त्यांनी विजेची बारीक सुई खोडात हळूहळू आत सरकवत नेली. एका थरात गॅल्व्हानोमीटर लयीत हलू लागला. त्यांना वाटलं, सापडली मोटर! इथल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर ढकलतात, असं त्यांनी १९२३ च्या पुस्तकात मांडलं.

पण हे उत्तर चुकीचं होतं. त्याच्या कितीतरी आधी जर्मनीत स्ट्रासबर्गर यांनी विषारी द्रावण देऊन खोडातल्या पेशी मारल्या होत्या, तरी पाणी चढतच राहिलं. १८९४ मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी खरं कारण सांगितलं. पानांतून पाण्याची वाफ होते, त्या ओढीने झायलेमच्या बारीक नळ्यांतला पाण्याचा धागा वर खेचला जातो. रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून तो सहसा तुटत नाही. म्हणजे मोटर वर पानांत आहे आणि ती उन्हावर चालते!

जिवंत पेशींची खरी मेहनत मुळाशी असते. नायट्रेट, पोटॅशियम अशी खनिजं त्या ऊर्जा खर्चून आत घेतात. जंगलात मुळांना चिकटलेली बुरशीही लांबचा फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे बोस गेले. मला वाटतं, ज्या जिद्दीने त्यांनी पगार मिळवला, त्याच जिद्दीने इथे त्यांचा घात केला. सगळे विरोधात असताना आपणच बरोबर निघतो, हे त्यांनी आयुष्यात अनुभवलं होतं. मग यावेळी विरोधक बरोबर आहेत हे त्यांना कसं पटावं? तरी माझ्या मनातला त्यांचा मान कमी झाला नाही. उलट आता प्रॅक्टिकलला रीडिंग मनासारखं आलं की मी ते पुन्हा एकदा घेऊन बघते.