काडतूस आणि त्याचे घर

खंडेनवमीला आमच्या शहरातील जुन्या सरदारवाड्यांतून अजूनही शस्त्रपूजन होते. ज्या वाड्यात मी मुलांना गाणे शिकवावयास जातो, तेथे पाटावर दोन तलवारी आणि एक कट्यार मांडतात, आणि त्यांच्या शेजारी एक अमेरिकन रायफल ठेवतात. विंचेस्टर कंपनीच्या १८७३ सालच्या नमुन्याची ही रायफल. चापाभोवती कडीसारखी तरफ असून ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीच्या तोंडी येते. माझे वडील दरबारी गवई. तेव्हा बंदुकीशी आमच्या घराचा संबंध सलामीच्या तोफा ऐकण्यापुरता. पण एका खंडेनवमीला असा प्रसंग घडला की, मला एका बंदूक करणाऱ्याचे चरित्र मुळापासून वाचावे लागले.

त्या दिवशी घरातील तरुण चिरंजीवांना कपाटात काडतुसांची एक जुनी पेटी सापडली. माप तेच, ४४-४०. एक काडतूस घालून पाहिले तर ते बेताने बसले. पूजा आटोपल्यावर बागेत एक बार काढावा असा बेत ठरला. सुदैवाने, ज्यांच्या घराण्यात संस्थानच्या सिलेखान्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते असे एक वृद्ध कारागीर प्रसादाला आले होते. त्यांनी चष्मा लावून पेटीवरची बारीक अक्षरे वाचली आणि पेटी मुकाट्याने आपल्या पिशवीत टाकली. ही काडतुसे १८९२ च्या रायफलीसाठी जोरदार भरलेली असून ती १८७३ च्या रायफलीत वापरू नयेत, असे खुद्द कंपनीनेच पेटीवर छापले होते. बसते ते चालते, अशी माझी समजूत होती. ती त्या दुपारी गेली.

१८९२ ची ती रायफल ज्याने योजली तो जॉन मोझेस ब्राउनिंग.

त्याचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात, ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर ते पंथीयांबरोबर पश्चिमेकडे निघाले, वाटेत स्थलांतर करणाऱ्यांना बंदुका करून दिल्या आणि १८५२ साली ऑग्डेनला स्थायिक झाले. त्यांना तीन बायका आणि बावीस मुले! त्यांनी केलेली एक बंदूक मला, गाणाऱ्याला, फार आवडली. तिच्यात पाच घरे पाडलेली एक लोखंडी पट्टी आडवी सरकते. ही पट्टी तोंडाने वाजवायच्या बाजासारखी दिसते म्हणून लोकांनी तिला हार्मोनिका बंदूक हेच नाव दिले. गंमत नावात असली तरी कसब वेगळेच आहे. प्रत्येक घर नळीसमोर आले की अंगठ्याने एक लहान तरफ दाबावयाची. मग ते घर नळीला घट्ट भिडते आणि मधून जाळ निसटत नाही. घर आणि नळी यांमध्ये फट राहू द्यावयाची नाही, हा धडा मुलाने बापाच्या दुकानातच गिरवला असला पाहिजे.

मुलगा दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने मोडक्या बंदुकीच्या नळीला फळकूट बांधून आपली पहिली बंदूक केली आणि धाकट्या मॅथ्यूला घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या. वडिलांनी ती न्याहाळली आणि अकराव्या वर्षाला लागलेल्या मुलाकडून याहून चांगले काम व्हावयास हवे होते एवढेच सुचविले. असे बाप मी पाहिले आहेत, एकाच्या हाताखाली शिकलोही आहे.

१८७९ साली जॉनला आपल्या एकबारी रायफलीचे पहिले पेटंट मिळाले. ते हाती येण्यापूर्वी, त्याच वर्षी, जोनाथन वारले. भावांनी ऑग्डेनमध्येच छोटा कारखाना घातला. १८८३ साली विंचेस्टर कंपनीचे बेनेट हे अधिकारी त्या आडगावी आले आणि आठ हजार डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क घेऊन गेले. त्यांना खरी गरज होती ती मात्र दुसऱ्याच वस्तूची.

येथे थोडे थांबून यंत्राकडे पाहिले पाहिजे. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. ४४-४० यातील पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा दारूचा : चाळीस ग्रेन काळी दारू. बार होताच पुंगळी फुगते आणि नळीच्या मागील घराच्या भिंतींना चिकटते. तो क्षणभर सारा दाब मागे येतो आणि तो पेलावा लागतो मागच्या दट्ट्याला. १८७३ च्या रायफलीत या दट्ट्याला आधार असतो तो गुडघ्यासारख्या वाकणाऱ्या दुहेरी पट्ट्यांचा. पिस्तुलाएवढ्या काडतुसाला तो पुरे. पण सैन्याचे ४५-७० काडतूस लांबही होते आणि जबरही. १८७६ साली केलेल्या मोठ्या रायफलीलासुद्धा ते झेपले नाही.

ब्राउनिंगने गुडघा काढून टाकला. दट्ट्याच्या दोन्ही अंगांना उभ्या खाचा पाडून त्यांत दोन पोलादी पट्ट्या खालून वर सरकतील अशी योजना केली. तरफ मिटली की दाराला दोन अडसर बसावेत तशा त्या बसतात. हीच १८८६ ची रायफल. तिच्यात ४५-७० निर्धास्त चालू लागले. तिचीच लहान आवृत्ती म्हणजे १८९२ ची. ती तीस दिवसांत करून देईन, नाही जमले तर फुकट, अशी पैज त्याने बेनेटशी मारली आणि जिंकली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मधली दोन वर्षे, १८८७ पासून १८८९ पर्यंत, हा मनुष्य कानस ठेवून जॉर्जियात धर्मप्रचार करीत पायी हिंडत होता.

आता आमच्या पेटीचा उलगडा होईल. १८७३ आणि १८९२ या दोन्ही रायफलींत ४४-४० हेच काडतूस बसते, कारण घर एका मापाचे आहे. ताकद मात्र एक नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने १८९२ च्या भरवशावर जोरदार काडतुसे काढली आणि १८७३ च्या मालकांना पेटीवरच सावध केले. तंबोऱ्याचे असेच आहे. जुन्या वाद्यावर जाड तार चढवून ती पांढरी चारला ओढली तर खुंटीला ती बसतेच. तबली उचलते ती मागाहून.

त्या काळी पश्चिमेकडील गुराखी व शेतकरी काडतुसे घरीच पुन्हा भरीत, कारण दुकान दिवसाच्या वाटेवर असे. विंचेस्टर कंपनी स्वतःच त्यासाठी सांडशीसारखे हत्यार आणि गोळी ओतावयाचा साचा विकी. जुन्या रायफली बाळगणारे हौशी लोक अमेरिकेत आजही हे काम करतात आणि त्यातली मेख अशी की, काडतूस पुस्तकातल्या मापाला नव्हे तर हातातल्या बंदुकीला जुळवावे लागते. एकाच नमुन्याच्या दोन रायफलींच्या नळ्या आतून सारख्या नसतात. ४४-४० च्या बाबतीत तर हे फारच आढळते. म्हणून जाणता मनुष्य आधी मऊ शिशाचा तुकडा नळीतून हलके ठोकून पार करतो आणि त्यावर उठलेल्या आट्यांच्या खुणा मोजतो. घराचाही ओतीव ठसा घेतो. एकदा उडालेली पुंगळी आपल्या घराचा आकार घेते आणि दुसरीच्या घरात अडते. फिरत्या दांड्याच्या रायफलीत ती जोर करून कोंबता येते, तरफेत तेवढा जोर नाही. म्हणून पुंगळी साच्यातून पुरती दाबून घ्यावी लागते. काडतुसाची लांबीही चुकून चालत नाही, कारण यंत्र तेवढ्याच लांबीचे उचलते. हे सारे साधूनही दारू किती, हा प्रश्न निराळाच उरतो. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस भरणे हा गुन्हा आहे, आणि ते बरेच आहे.

१८९४ ची रायफल ब्राउनिंगची सर्वांत खपलेली. ती सत्तर लाखांहून अधिक निघाली. आरंभी ती काळ्या दारूच्या काडतुसांची होती. पुढल्याच वर्षी बिनधुराची दारू भरलेले ३०-३० आले, आणि त्याच्या दाबासाठी नळीचे पोलाद निकेल मिसळून कणखर करावे लागले. या रायफलींत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात. एकाच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने आतल्या आतच बार व्हावयाचा, म्हणून गोळी चपट्या नाकाची. १८९५ च्या रायफलीत ब्राउनिंगने खाली पेटीच बसविली आणि टोकदार गोळीला वाट करून दिली. हीच रायफल थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला नेली. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या काडतुसाच्या मापाचे घर पाडून घेऊन ती सुमारे तीन लाख खरेदी केली.

विंचेस्टरशी त्याचे १९०२ साली फाटले. आपोआप भरणाऱ्या बंदुकीवर त्याला दर नगामागे मानधन हवे होते, बेनेटना ठोक रक्कमच द्यावयाची होती. तो रेमिंग्टन कंपनीच्या दारी गेला. तेथील प्रमुख त्याच दिवशी अकस्मात वारले. मग ती बंदूक घेऊन त्याने बेल्जियमचे एर्स्टाल गाठले. पुढची पिस्तुले आणि यांत्रिक तोफा यांचा पाढा मी वाचीत नाही. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज ज्या पिस्तुलाने मारला गेला तेही याच्याच रचनेचे होते. गुराख्याच्या गरजेपासून निघालेला हा हात तेथवर पोचला, हे वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले होते. महायुद्धात अमेरिकन सरकारने त्याच्या शस्त्रांचे हक्क घेताना साडेसात लाख डॉलर देऊ केले. मानधन मागितले असते तर याच्या कित्येक पट मिळते. त्याने घासाघीस केली नाही.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजजवळच्या त्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कामाच्या खोलीत, त्याचे हृदय बंद पडले. एकावर एक अशा दोन नळ्यांची एक बंदूक तो करीत होता. तिचे अपुरे राहिलेले काम व्हॅलने पुरे केले.

वाड्यातील ती पेटी कारागिरांनी चिरंजीवांना बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जमा केली. रायफल दर खंडेनवमीला पाटावर असते, तरफ उघडी ठेवून, आतले रिकामे घर सर्वांस दिसेल अशी.