नील्स र्युबर्ग फिनसेन

नील्स र्युबर्ग फिनसेन (१५ डिसेंबर, १८६० – २४ सप्टेंबर, १९०४) हे डेन्मार्कचे वैद्य व संशोधक होते. प्रकाशकिरणांचा रोगनिवारणासाठी शास्त्रशुद्ध उपयोग करणारे आद्य चिकित्सक म्हणून ते ओळखले जातात. त्वचेच्या क्षयरोगावरील प्रकाशोपचारासाठी त्यांना १९०३ सालचे शरीरक्रियाशास्त्र अथवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बुरशीजन्य व जीवाणूजन्य संसर्गावर आज अभ्यासल्या जाणाऱ्या प्रकाशगतिक उपचारपद्धतीच्या (फोटोडायनॅमिक थेरपी) इतिहासात त्यांच्या कार्याला महत्त्वाचे स्थान आहे.

जन्म व शिक्षण

फिनसेन यांचा जन्म उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर टोर्सहाव्हन येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे आइसलँडचे असून वडील हानेस फिनसेन हे डॅनिश राज्याचे प्रशासकीय अधिकारी होते. नील्स चार वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले. डेन्मार्कमधील हेर्लुफ्सहोम येथील शाळेत त्यांची गणना मंद विद्यार्थ्यांत होत असे. पुढे त्यांना आइसलँडमधील रेक्याविकच्या शाळेत पाठविण्यात आले. १८८२ साली वैद्यकीय शिक्षणासाठी ते कोपनहेगनला आले व १८९० साली पदवीधर झाले. त्यानंतर कोपनहेगन विद्यापीठात त्यांनी शवविच्छेदन शिकविण्याचे काम केले. संशोधनास पुरेसा वेळ मिळावा म्हणून १८९३ साली त्यांनी ते पद सोडले आणि खासगी शिकवण्यांवर चरितार्थ चालविला. १८९२ साली त्यांचा विवाह इंगेबोर्ग बालस्लेव यांच्याशी झाला होता.

आजारपण व संशोधनाची प्रेरणा

विद्यार्थिदशेतच फिनसेन यांना एका असाध्य विकाराने ग्रासले. यकृत, प्लीहा व हृदय यांची आवरणे हळूहळू जाड होत गेली आणि पोटात वारंवार पाणी साठू लागले. अशक्तपणा व पंडुरोग यांनी ते कायम थकलेले असत. त्यांचे घर उत्तराभिमुख असल्याने त्यात ऊन येत नसे. उन्हात बसल्यावर आपल्याला बरे वाटते, हा त्यांचा स्वानुभव होता. मात्र केवळ अनुभवावर विसंबून न राहता त्यांनी या परिणामाचे कारण शोधण्यास आरंभ केला. प्रकाशाचा त्वचेवर होणारा परिणाम हा विषय त्यांनी त्यातूनच निवडला.

कार्य

१८९३ साली फिनसेन यांनी देवीच्या रोग्यांना तांबडे पडदे लावलेल्या खोलीत ठेवण्याची सूचना केली. जांभळे व अतिनील किरण फोडांना अपायकारक ठरतात आणि ते अडविल्यास व्रण कमी राहतात, अशी त्यांची धारणा होती. ही पद्धत काही काळ प्रचारात होती. पण तिची उपयुक्तता सिद्ध न झाल्याने ती मागे पडली.

त्यांचे खरे यश त्वचेच्या क्षयरोगात (ल्युपस व्हल्गॅरिस) आहे. या रोगात नाक, गाल व ओठ झिजून चेहरा विद्रूप होत असे आणि अनेक रोगी लोकांसमोर येण्याचेही टाळत. १८९५ साली फिनसेन यांनी कार्बन आर्क दिव्याच्या प्रकाशाने या रोगावर उपचार सुरू केले. भिंगांच्या साहाय्याने प्रकाश एकवटून रोगग्रस्त भागावर टाकला जाई. उष्णतेने त्वचा भाजू नये म्हणून प्रकाश पाण्यातून जाऊ देत. त्वचेतील रक्त प्रकाश शोषून घेते, हे ध्यानी घेऊन भिंग त्वचेवर दाबून तेथील रक्त बाजूला सारले जाई. रोज सुमारे तासभर आणि कित्येक महिने चालणारा हा उपचार चिकाटीची कसोटी पाहणारा होता.

१८९६ साली कोपनहेगन येथे फिनसेन यांची प्रकाशसंस्था स्थापन झाली. १९०१ पर्यंत तेथे या रोगाच्या ८०४ रोग्यांवर उपचार झाले व त्यांपैकी सुमारे ८३ टक्के बरे झाल्याची नोंद आहे. मूळच्या डॅनिश राजकन्या असलेल्या अलेक्झांड्रा यांच्या पुढाकाराने १९०० साली हा दिवा लंडन हॉस्पिटलमध्येही पोहोचला.

नोबेल पारितोषिक व मृत्यू

पारितोषिक जाहीर झाले तेव्हा फिनसेन चाकाच्या खुर्चीला खिळलेले होते. त्यामुळे ते समारंभास जाऊ शकले नाहीत. पारितोषिकाच्या रकमेतील ५०,००० क्रोनर त्यांनी आपल्या संस्थेला दिले. अखेरच्या काळात त्यांनी स्वतःच्याच आजाराचा अभ्यास केला. आहारातील मीठ व शरीरात साठणारे पाणी यांच्या काटेकोर नोंदी ठेवून त्यांनी शरीरातील क्षारसंचयावर लेखन केले. वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी कोपनहेगन येथे त्यांचे निधन झाले.

प्रकाशोपचाराचा पुढील विकास

अतिनील किरण क्षयाचे जीवाणू थेट मारतात, असे फिनसेन मानत. २००५ साली डॅनिश संशोधकांनी त्यांची जुनी उपकरणे तपासली, तेव्हा त्यांतील भिंगे व गाळण्या लघु तरंगलांबीचे अतिनील किरण अडवीत असल्याचे आढळले. जीवाणूंमधील पोर्फिरिन नावाची द्रव्ये उरलेला प्रकाश शोषून घेत असावीत आणि त्यातून निर्माण होणाऱ्या तीव्र क्रियाशील ऑक्सिजनमुळे जीवाणू मरत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. म्हणजे उपचार गुणकारी होता, पण त्याचे कारण वेगळे होते.

हेच तत्त्व फिनसेन यांच्या हयातीतच जर्मनीतील म्युनिक येथे स्वतंत्रपणे पुढे आले होते. ऑस्कर राब या विद्यार्थ्याला आढळले की ॲक्रिडीन रंगद्रव्याने पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात लवकर मरतात, अंधारात मात्र तग धरतात. हे निरीक्षण १९०० साली प्रसिद्ध झाले. त्यांचे गुरू हर्मान फोन टापायनर यांनी या क्रियेस ऑक्सिजन आवश्यक असल्याचे दाखवून तिला प्रकाशगतिक क्रिया असे नाव दिले.

आता हे तत्त्व बुरशीजन्य संसर्गासाठी अभ्यासले जात आहे. मिथिलिन ब्ल्यूसारखे रंगद्रव्य किंवा शरीरात पोर्फिरिन निर्माण करणारे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बाधित भागावर लावून त्यावर योग्य रंगाचा, बहुधा तांबडा, प्रकाश टाकतात. क्रियाशील ऑक्सिजन बुरशीच्या पेशीतील अनेक घटकांवर एकाच वेळी आघात करतो. त्यामुळे बुरशीला प्रतिकारशक्ती मिळविणे अवघड जाते. भारतात टर्बिनाफिन या प्रचलित औषधाला दाद न देणारा नायटा वाढला असल्याने या पद्धतीस विशेष महत्त्व आहे. तथापि जाड नखांत औषध व प्रकाश खोलवर पोहोचत नाहीत, उपचार अनेकदा करावे लागतात आणि जळजळ होऊ शकते. म्हणून नायटा किंवा नखांची बुरशी यांवर ती अद्याप नित्याची पद्धत झालेली नाही. औषधोपचारच प्रथम केला जातो.

स्मारक

कोपनहेगन येथे रिग्सहॉस्पिटलजवळ शिल्पकार रुडॉल्फ टेग्नर यांनी घडविलेले फिनसेन यांचे स्मारक आहे. प्रकाशाकडे झेपावणाऱ्या मानवी आकृती हा त्या शिल्पाचा विषय आहे.