साखळी काढून टाकणारा लुई

मेकॅनिकलवाल्यांना रिअर एक्सल म्हणजे आठ मार्कांची आकृती. क्राऊन व्हील, पिनियन, हाफ शाफ्ट, नावं द्या आणि पुढचा प्रश्न घ्या. ही बंद पेटी गाडीखाली आणून बसवण्यात ज्याचा मोठा वाटा होता त्याचं नाव मात्र पुस्तकात नसतं. तो म्हणजे लुई रेनॉ. (शेवटचा ‘ल्ट’ फक्त लिहायचा, वाचायचा नाही.)

लुईचा जन्म १२ फेब्रुवारी १८७७ चा, पॅरिसचा. घरचा कापडाचा आणि बटणांचा धंदा, पैसा भरपूर. फर्नांड आणि मार्सेल हे मोठे भाऊ व्यापारात हुशार. लुईला अभ्यासाचा कंटाळा आणि मशीनचं वेड. इंजिनिअरिंगची डिग्री त्याच्याकडे कधीच नव्हती, हे आपल्या एचओडींना सांगू नका. पॅरिसजवळ बिलांकूर इथे घराच्या बागेत एक शेड होती, तेच त्याचं वर्कशॉप.

१८९८ मध्ये त्याने द दियाँ कंपनीचं पावणेदोन हॉर्सपॉवरचं इंजिन घेऊन छोटी चारचाकी बनवली. तेव्हाच्या बहुतेक गाड्यांत मागची चाकं साखळीने फिरत, सायकलसारखी. साखळी उघडी, तिच्यावर रस्त्याची धूळ, ती ताणली जाणार, खडखडणार, तुटणार. लुईने ती काढूनच टाकली. गिअर बॉक्सपासून मागे एक शाफ्ट नेला, त्याला जॉइंट दिले आणि टोकाला बेव्हल गिअर व डिफरन्शियल. डिफरन्शियल त्याचं नव्हे, ते पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२८ मध्येच पेटंट केलं होतं. पण लुईची खरी अक्कल गिअर बॉक्समध्ये दिसते. तोवर कुठल्याही गिअरमध्ये ताकद दातांच्या जोडीतूनच जायची, म्हणजे घर्षण आलंच. त्याने वरच्या गिअरमध्ये आत येणारा आणि बाहेर जाणारा शाफ्ट एका रेषेत आणून सरळ एकमेकांत अडकवले. मध्ये दातच नाहीत. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात.

२४ डिसेंबर १८९८ ला मित्रांशी पैज लागली आणि तो ही गाडी घेऊन माँमार्त्रच्या टेकडीवरची र्यू लपिक ही चढाची गल्ली चढून गेला. त्या रात्रीत बारा गाड्यांची ऑर्डर मिळाली. वय एकवीस, आपल्या फायनल इयरचं! १८९९ मध्ये पेटंट आणि कंपनी दोन्ही झालं. गंमत म्हणजे कंपनी दोघा मोठ्या भावांच्या नावावर, लुई तिथे सुरुवातीला नोकर. पुढे ज्यांनी डायरेक्ट ड्राइव्हची नक्कल केली, त्यांच्याकडून त्याने रॉयल्टी वसूल केली.

साखळी गेली आणि दातांना बंद घर मिळालं. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते बाहेरून, दर थोड्या दिवसांनी. इथे वंगण आतच राहतं, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये, म्हणजे माझदा एमएक्स-५ सारख्या, हे ऑइल असतं जेमतेम लिटरभर. बघायची पद्धत तीच, जी आपल्या वर्कशॉपमधल्या जुन्या जीपची. गाडी सपाट जागी, एका बाजूने उचललेली नको. बदलायचं असेल तर थोडी फिरवून आणा, म्हणजे ऑइल पातळ होऊन पूर्ण निथळतं. आधी वरचा फिलर प्लग ढिला करायचा, मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलं आणि वरचा गंजून बसलेला असला, तर सगळं ऑइल जमिनीवर आणि गाडी जागच्या जागी! नवीन ऑइल फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरायचं, ओघळायला लागलं की बास. जास्त कोंबलं तर ते सीलमधून निघून ब्रेककडे जाऊ शकतं, कमी पडलं तर क्राऊन-पिनियन रडायला लागतात. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची बारीक काळी पेस्ट चालते, लोखंडाचे तुकडे दिसले तर मात्र घर उघडा. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असलं तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ऑइल, गॅरेजवाला म्हणेल ते नाही. (२००७ मध्ये नाशिकला बनू लागलेल्या महिंद्रा-रेनॉ लोगनखाली हे शोधायला जाऊ नका, ती पुढच्या चाकांवर चालते.)

मार्सेल आणि लुई दोघेही स्वतः रेस चालवत. १९०२ च्या पॅरिस-व्हिएन्ना रेसमध्ये आल्प्सचा घाट होता. बलाढ्य इंजिनांच्या जड गाड्यांना मागे टाकून मार्सेल हलक्या रेनॉमधून पहिला आला. पुढच्याच वर्षी पॅरिस-माद्रिद. धुळीत पुढचं काही दिसत नव्हतं, रस्त्यावर माणसं उभी. मार्सेलची गाडी उलटली आणि दोन दिवसांनी तो गेला. लुई त्या वेळी बोर्दोला पोचला होता, अगदी पुढच्या गाड्यांत. इतके लोक मेले की रेस तिथेच थांबवली. लुईने त्यानंतर रेस चालवली नाही. फर्नांडही १९०९ मध्ये वारला आणि सगळा कारखाना एकट्या लुईवर आला.

इथून पुढचा लुई मला तितका आवडत नाही. स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजायला त्याने सुरुवात केली आणि १९१३ मध्ये मोठा संप झाला. पण १९१४ मध्ये पॅरिसच्या टॅक्सींनी सैनिक मार्नच्या लढाईकडे नेले, त्या बहुतेक रेनॉच होत्या. १९१७ चा त्याचा एफटी रणगाडा बघा: वर फिरणारा टरेट, इंजिन मागे. आजचे बहुतेक रणगाडे याच मांडणीचे आहेत. तेव्हा तो देशाचा हिरो होता.

मग १९४० आलं. जर्मनांनी फ्रान्स घेतलं आणि बिलांकूरचा कारखाना त्यांच्यासाठी ट्रक बनवू लागला. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी त्यावर बाँब टाकले, आसपासच्या वस्तीतले शेकडो लोक मेले. कारखाना बंद केला असता तर जर्मनांनी मशीन आणि कामगार दोन्ही उचलून नेले असते, असं त्याच्या बाजूचे म्हणतात. विरोधक म्हणतात, त्याला देशापेक्षा कारखाना प्यारा होता. मला दोन्ही खरं वाटतं, आणि म्हणूनच खटला चालायला हवा होता. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याला अटक झाली. तो आधीच आजारी होता, बोलणंही नीट येत नव्हतं. २४ ऑक्टोबरला, वयाच्या ६७ व्या वर्षी, तो गेला. कोठडीत मारहाण झाली असा घरच्यांचा आरोप होता. आरोपी मेला म्हणून खटला उभाच राहिला नाही, तरी जानेवारी १९४५ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. १९९६ मध्ये ती पुन्हा खाजगी झाली. नातवंडं २०११ मध्ये भरपाईसाठी कोर्टात गेली, आणि २०१२ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने हे प्रकरण आपल्या अधिकारात येत नाही असं सांगून त्यांना परत पाठवलं.