बंगळुरूतील बंद दारापासून केंब्रिजच्या प्रयोगशाळेपर्यंत : डॉ. कमला सोहोनी

बंगळुरू : येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळांत आज देशभरातून आलेल्या विद्यार्थिनी संशोधन करताना दिसतात. हे दार मात्र त्यांच्यासाठी आपोआप उघडलेले नाही. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन आलेल्या एका मराठी तरुणीने ते उघडण्यास भाग पाडले. तिचे नाव कमला भागवत, विवाहानंतरच्या डॉ. कमला सोहोनी.

इंदूर येथे जन्मलेल्या कमलाबाईंना रसायनशास्त्राचा वारसा घरातूनच लाभला होता. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले. ख्यातनाम लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडिलांच्याच वाटेने जाण्याच्या इच्छेने कमलाबाईंनी बंगळुरूला अर्ज केला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर सी. व्ही. रामन तेव्हा नुकतेच संस्थेचे संचालक झाले होते. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत काही उणे नव्हते. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण पुरेसे ठरले.

कमलाबाईंनी माघार घेतली नाही. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी संचालकांच्या दाराशी सत्याग्रह आरंभला. अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे राहील, कामाबाबत संचालकांचे समाधान झाल्यावरच मान्यता मिळेल आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. अटी त्यांनी पत्करल्या, पण त्यातील अपमानाचा सल उतारवयापर्यंत कायम राहिला.

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर संशोधन केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली. त्यांचे काम पाहूनच रामन यांनी संस्थेची दारे स्त्रियांसाठी खुली केली.

पुढचा टप्पा इंग्लंडचा होता. केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम महाविद्यालयात राहून त्यांनी जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला. सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्यासारखे नोबेल विजेते शास्त्रज्ञ या विभागाचे प्रमुख होते. रॉबिन हिल यांच्यासमवेत बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या ऊतींमध्ये श्वसनक्रियेशी निगडित असलेले सायटोक्रोम सी हे द्रव्य असल्याचे त्यांना आढळले. अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण झालेला त्यांचा प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली.

परदेशातील ही शिक्षणव्यवस्था तरी स्त्रियांबाबत निर्दोष होती का? तसे म्हणता येत नाही. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवी आणि विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व केंब्रिजने १९४८ मध्ये दिले. तोवर त्यांच्या वाट्याला केवळ नामधारी पदवी येत असे. प्रयोगशाळेत समान वागणूक आणि नियमावलीत दुय्यम स्थान असा हा अंतर्विरोध होता. बंगळुरूने दाराशी अडवले, केंब्रिजने आत घेऊनही उंबरठा शिल्लक ठेवला.

परदेशात स्थिरावण्याऐवजी कमलाबाई १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा वाहिली आणि कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून काम केले. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाल्या. कडधान्ये, तांदळाचे पीठ आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले संशोधन गोरगरिबांच्या ताटाशी नाते सांगणारे होते. नीरेवरील कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. तरीही याच संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे विलंबानेच आले. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत उतरून त्यांनी अन्नभेसळीविरुद्ध जनजागृती केली.

१९९८ मध्ये नवी दिल्लीत त्यांच्या गौरवार्थ योजलेल्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. एका वर्षाच्या उमेदवारीवर आत घेतलेल्या या विद्यार्थिनीने ती परीक्षा स्वतःपुरती दिली नव्हती. तिच्या उत्तीर्ण होण्यावर मागून येणाऱ्या कित्येकींचा प्रवेश अवलंबून होता.